चाळीस मिनिटांचं विमान

मास्तरांच्या शिलाईला नाव ठेवायला जागा नव्हती, पण त्यांनी दिलेल्या तारखेवर विश्वास ठेवील तो खुळा. ‘उद्या या’ म्हणाले की गिऱ्हाइकानं आठवडा धरायचा. एका नवरदेवाचा कोट लग्नानंतर दिला आणि वर म्हणाले, आता निवांत घाला.

अशा माणसानं विमानाचं तिकीट काढलं. लेकीचं पहिलं बाळंतपण, तेही ऑपरेशन करून. दुपारी तीनची वेळ ठरल्याचं लेकीनंच फोनवर कळवलेलं. तिचं सासर डोंगरापलीकडे. रस्त्यानं वळसे घेत आठ तास, विमानानं सरळ तीनशे किलोमीटर, चाळीस मिनिटं. दिवसाला विमान एकच, अकराचं.

मास्तरीणबाई आठलाच पिशवी घेऊन दारात उभ्या. मास्तर मशीनवरून उठेनात. त्यांच्या लेखी अकरा ही गिऱ्हाइकाला सांगायची वेळ, उडायचं ते बारालाच. (चाळीस मिनिटांचेही त्यांनी मनात दोन तास धरले होते.) एक बाही जोडली, मग म्हणाले, दुसरी तरी कशाला लोंबकळत ठेवायची.

विमानतळावर पोचले तेव्हा पावणेअकरा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आता आत सोडता येणार नाही. मास्तर पुढे वाकले आणि आपल्याच धंद्यातल्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाले, “पोरी, आता खरी वेळ सांग.”

“काका, हीच खरी वेळ.”

अकराच्या ठोक्याला काचेपलीकडे विमान उडालं. मास्तर बघतच राहिले. सांगितल्या वेळेला कुणी काही केलेलं ते उभ्या जन्मात पहिल्यांदा बघत होते.

मास्तरीणबाई रडल्या नाहीत की बोलल्या नाहीत, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. त्या मुलीचं भलं होवो, ती काम टाकून बाहेर आली, टॅक्सी ठरवून दिली, बाईंच्या हातात पाण्याची बाटली ठेवली. मास्तरांनी जावयाला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, सावकाश या. ते ऐकताच बाई पिशवीसकट टॅक्सीत जाऊन बसल्या.

तीन वाजले तेव्हा गाडी घाटात होती. टॅक्सीवाल्यानं न सांगता ती कडेला घेतली आणि बाईंना दोन मिनिटं हात जोडून बसू दिलं. मास्तरांना भरून आलं. म्हणाले, तुम्हाला एक शर्ट शिवून देतो. त्यानं विचारलं, कधी?

“तेवढं नका विचारू,” मागून बाई म्हणाल्या. सकाळपासून तोंडातून निघालेला हा पहिला शब्द.

सात वाजता दोघं धापा टाकत दवाखान्यात शिरतात तर लेक खाटेवर पाय पसरून बसलेली, पोट जसंच्या तसं.

“अगं, ऑपरेशन?”

“उद्या सकाळी दहाला. तुम्हाला मुद्दाम आजचे तीन सांगितले, बाबा. दुकानात वाढलेय मी.”

बाईंनी आधी लेकीला पोटाशी धरलं, मग तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मास्तरांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. खोटी तारीख मिळाली म्हणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलेलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तिला दहालाच आत नेलं. अर्ध्या तासात नर्स नातीला घेऊन बाहेर आली. लेक सुखरूप, नात सुखरूप. आजोबा कुठे आहेत, असं नर्सनं विचारलं.

आजोबा खाली चहाला गेले होते. जाताना सांगून गेले होते, दहा म्हणाले म्हणजे साडेअकरा धरा.