सातवा आडवा शब्द

लॅपटॉपने मान टाकली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते आणि रविवारचं शब्दकोडं पाचच्या आत वर्तमानपत्राकडे पोचायचं होतं. कोडं होतं लॅपटॉपच्या पोटात, आणि कोडं रचणाऱ्या बाई काळ्या पडद्यासमोर डोक्याला हात लावून बसल्या होत्या. यापूर्वी दोनदा उशीर झाला होता. संपादक मधाळ आवाजात म्हणाले होते, "तिसऱ्यांदा नको हं. तयार कोडी हल्ली ढिगाने मिळतात." बारा वर्षांचं सदर हातचं जायची वेळ आली होती.

बाईंचा नवरा ग्रंथपाल. या वेळच्या कोड्यात त्याचाही जीव अडकला होता. बारा वर्षं मागे लागल्यावर बायकोने त्याच्या पेशाला एकदाची जागा दिली होती. सातवा आडवा शब्द, चार अक्षरी: 'पुस्तकांचा विद्वान राखणदार'. त्यातलं 'विद्वान' त्याने स्वतः हट्टाने घालून घेतलं होतं.

"घाबरतेस काय? वाचनालयातला पेनड्राइव्ह आहे ना माझ्याकडे," तो म्हणाला. "त्यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम भरलीये. यावरून बूट करायचं, फाइल उचलायची, झालं! काल आमचं मशीन यानेच उठवलं."

"बूट," बायको शून्यात बघत पुटपुटली. "दोन अक्षरी. पायात घालायचं."

ग्रंथपालाने नखासारखा पातळ पेनड्राइव्ह खोचला आणि मेनूचं बटण दाबलं. यादी आली, पण तिच्यात एकच नाव होतं, लॅपटॉपच्याच हार्ड डिस्कचं. पेनड्राइव्हचा पत्ता नाही. त्याने दुसऱ्या भोकात घातला, मग तिसऱ्या. उताणा घातला, पालथा घातला, फुंकर मारून घातला. लॅपटॉप ओळखच दाखवेना.

शेवटी बायकोने वरच्या मजल्यावरच्या धाकट्या भावाला हाक मारली. हा दातांचा डॉक्टर. दात सोडून सगळ्यातलं आपल्याला जास्त कळतं, अशी त्याची पक्की समजूत होती. तो अवजारांच्या पेटीसकट हजर झाला.

"सरका दाजी." त्याने दात तपासायचा छोटा आरसा काढून लॅपटॉपच्या भोकांत डोकावून पाहिलं. "कीड नाही."

"लवकर बघ रे, चार वाजले!" ताई म्हणाली.

भाऊ सेटिंगमध्ये शिरला आणि बूटच्या क्रमात पेनड्राइव्हला पहिला नंबर दिला. लॅपटॉपने आज्ञाधारकपणे आधी पेनड्राइव्ह शोधला, तो न सापडल्याचं कळवलं आणि पुन्हा काळा पडला. भावाने सुरक्षेचं कुलूप काढलं. तरी तेच. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

"आता मुळापर्यंत जावं लागेल."

"अरे, दाढ आहे का ती?" ताई ओरडली, पण तोवर सात स्क्रू निघाले होते आणि त्यातला एक कपाटाखाली गेला होता. लॅपटॉप पोट उघडं टाकून पडला. आत सगळं जागच्या जागी होतं. साडेचार झाले.

"दाजी, तुमचा पेनड्राइव्हच मेलाय."

"मेलाय?" ग्रंथपालाचा चेहरा लाल झाला. "आमच्या वाचनालयातली वस्तू आहे ती! काल चालवून बघितल्यावर मी स्वतः नोंद केलीये."

"कुठे केलीत नोंद?" बायकोने हळूच विचारलं.

"त्याच्यावरच."

बायकोने पेनड्राइव्ह उपसून उलटा केला. सोनेरी पट्ट्यांवर, अगदी काठाला काठ लावून, एक सुबक लेबल डकवलेलं होतं: 'तपासले. उत्तम चालते.'

"अहो, याच पट्ट्यांतून तो लॅपटॉपशी बोलतो! तोंडच बंद केलंत की त्याचं!"

"दुसरीकडे जागा नव्हती," ग्रंथपाल म्हणाला. "आणि बघ ना, तिथे कसं नेमकं मावलंय."

भावाने दातांवरचं कीटण काढावं तसं ते लेबल खरवडलं. पेनड्राइव्ह खोचताच यंत्र मुकाट्याने सुरू झालं आणि फाइलही सापडली. बायकोने दोघांना खोलीबाहेर काढलं. "पाच मिनिटं कुणी आत यायचं नाही." पाचला चार मिनिटं कमी असताना कोडं रवाना झालं आणि तिने डोळे मिटून सुस्कारा सोडला.

रविवारी ग्रंथपालाने वर्तमानपत्र उघडलं आणि थेट सातवा आडवा शब्द गाठला. शब्द तोच होता, अक्षरंही चार. सूचनेत मात्र लिहिलं होतं: 'नको तिथे लेबल लावणारा'.

"विद्वान कुठे गेला?" त्याने विचारलं.

"जागा नव्हती," बायको चहा गाळता गाळता म्हणाली.

नेहमीप्रमाणे त्याने कोडं कापलं, वहीत चिकटवलं आणि तारखेचं लेबल काढलं. पानावर चारही बाजूंना भरपूर जागा होती. लेबल मात्र नेमकं सातव्या आडव्या शब्दावर बसलं.