मोतीबाईला मध्यंतर ठाऊक होतं

शेती थोरल्या मुलाच्या, शामच्या, हवाली केली आणि डोंगरसिंगचे हात रिकामे झाले. त्याने ठरवलं, आजवर न पाहिलेले जुने सिनेमे पाहायचे. रोज एक, चाळीस दिवसांत चाळीस. घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसं जाहीरही करून टाकलं. (दोन अंगठे आले, त्यातला एक त्याचा स्वतःचा.) तरुणपणी त्याला सिनेमा कसला तो माहीत नव्हता. त्याची याडी, म्हणजे आई जमनाबाई, फार कडक. सिनेमाचं नाव काढलं की तिच्या हातात चप्पल यायची. उमरखेडची टॉकीज त्याने फक्त बाहेरून पाहिली होती.

पहिल्या दिवशी नात अर्पिताने टीव्हीवर एक काळा-पांढरा सिनेमा लावून दिला. बायको मोतीबाई शेजारी तूर निवडत बसली होती. कोण कोणाचा भाऊ, हे डोंगरसिंग तिला मोठ्या कौतुकाने समजावत होता. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "तो डॉक्टर गुंडायले सामील हाय." अर्ध्या तासाने डॉक्टर खरंच गुंडांच्या गाडीतून उतरला. बाईचा अंदाज लागला असेल, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी गाणं सुरू व्हायच्या आधीच ती ते गुणगुणायला लागली. तिसऱ्या दिवशी "आता मध्यंतर होते" म्हणून चहा ठेवायला उठली, आणि मध्यंतर झालं. चौथ्या दिवशी तर कहरच. हिरॉइन विहिरीजवळ आली तशी मोतीबाई स्वतःशीच हसली. "इथं रीळ तुटलं होतं. मंग आमी शेंगा खात बसलो."

डोंगरसिंगचं पडद्यावरचं लक्ष उडालं. आमी म्हणजे कोण? आणि शेंगा कोणी घेतल्या? केसांना चापूनचोपून तेल लावलेला, हातात शेंगांची पुडी धरलेला एक परका माणूस त्याला दिसायला लागला. विचारायची हिंमत होईना. रात्री जेवताना त्याने शेंगदाण्याची चटणी ताटाबाहेर सारली. (बायको कारण विचारेल, असं त्याला वाटलं होतं. तिने चटणी उचलून ठेवली.)

असलं फोनवर काय विचारणार? म्हणून दुसऱ्या दिवशी तो सकाळची एसटी धरून, दोन गाड्या बदलून, मुकुटबनजवळ तिच्या माहेरी पोचला. मेव्हण्याला, हरिसिंगला, आडून आडून विचारलं, की लग्नाआधी बहीण कोणासंगं सिनेमाले जात होती. हरिसिंग हसला. आमच्या तांड्यावर तेव्हा लाइट नव्हती तं टॉकीज कुठून असंन, म्हणे; तिनं पाह्यला असंन तं तुमच्याच उमरखेडले पाह्यला असंन. मेव्हण्याने मटण केलं, पण डोंगरसिंगने तेही बाजूला सारलं. लग्नाआधीचं एकवेळ पोटात घातलं असतं, हे तर लग्नानंतरचं निघालं.

परतल्यावर अर्पिताने पुढचा सिनेमा लावला. तिला दुकानात पिटाळून त्याने विचारलंच.

"कोणासंगं गेलती तू सिनेमाले? खरं सांग. मी काही नाही म्हणत."

"याडीसंगं."

"कोणाच्या याडीसंगं?"

"तुमच्या."

मग सगळं बाहेर आलं. बाजाराच्या दिवशी सासू-सुना घाईघाईने भाजी घ्यायच्या आणि पिशवी खुर्चीखाली सरकवून मॅटिनीला बसायच्या. शेंगा जमनाबाईच्या. फायटिंगला शिट्टीसुद्धा जमनाबाईचीच. इकडे डोंगरसिंग वावरात रानडुकरं हाकलत असायचा, आणि संध्याकाळी काळजीने विचारायचा, बाजारात गर्दी होती का. लय गर्दी, असं याडी सांगायची.

त्याचा जीव भांड्यात पडला. पण पडतो न पडतो तोच आतून दुसरी जळजळ उठली, पहिलीपेक्षा मोठी. सख्ख्या आईने शेंगा घेतल्या, त्या सुनेला.

"मंग मले काहून नाही नेलं?"

"मी म्हणत होती, त्याइले घेऊ. याडी म्हणे, त्याले नको, तो लय रडते. लोक पडदा सोडून त्यालेच पाह्यतीन."

"मी कुठं रडतो?" असं तो म्हणाला खरा, पण आवाज फाटला आणि डोळे भरून आले.

मोतीबाईने पदराचं टोक त्याच्या हातात दिलं. "आतापासून कायले रडता? आजून तं नावंच येऊन राह्यली. माय मध्यंतरानंतर मरते."