सासूबाईंचं मौन आणि बारा पाकिटं

पत्रकारांना कसं हाताळायचं, हे मंगरूळपीरमध्ये एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस म्हणजे मी, अर्पित! म्हणून तर सासूबाई अंगुरीबाई नगराध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा प्रसिद्धीप्रमुख मीच झालो. त्यांच्याच कापड दुकानात पत्रकार परिषद ठेवली. बारा पत्रकार बोलावले, कचोऱ्या सांगितल्या. फक्त तिथी बघायची राहिली.

नेमकी चतुर्दशी निघाली. चतुर्दशीला सासूबाईंचं सूर्यास्तापर्यंत मौन!

ऐन वेळी बायकोनं, त्रिशलानं, माझ्या हातात बारा बंद पाकिटं ठेवली. "आईनं देल्ली. पत्रकारायले वाटा म्हने."

पत्रकारांना पाकिटं! आचारसंहितेत! आणि दारात निवडणुकीचं पथक कॅमेरा घेऊन उभं! सासूबाईंची उमेदवारी जाणार, वर मी तुरुंगात! मी पाकिटं गादीखाली कोंबली आणि वर मांडी घालून बसलो.

पहिला प्रश्न उकंडराव पत्रकारांचा. "ताई, नळाले आठ दिवसाआड पानी येऊन राह्यलं. तुमी काय करान?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे माझ्याकडे वळले. भीतीनं माझी जीभ सैल सुटते.

"पानी रोज येईन!" मी म्हणालो.

सासूबाईंनी पुन्हा बोट दाखवलं, या वेळी थेट गादीकडे. मी जोरात मान हलवली. कॅमेऱ्यासमोर पाकिटं? मेलो तरी नाही!

"अन् घरपट्टी?" उकंडरावांनी विचारलं.

"माफ!"

"बसस्टँड?"

"नवं! एसीवालं!"

सासूबाई उठल्या. मला बाजूला ढकललं आणि गादी उचलली. पाकिटं सगळ्यांच्या समोर! पथकाचे साहेब धावत आले. "हे काय हाय?"

"साहेब, पैसे माहे नाहीत हो!" मी ओरडलो. "सासूबाईचे हायेत!"

साहेबांनी पाकीट फोडलं. आत पैसा नव्हता. सासूबाईंच्या अक्षरातला एक कागद होता. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला:

"आज माझं मौन आहे. पाणी, घरपट्टी आणि बसस्टँड यांवरची माझी उत्तरं खाली लिहिली आहेत. ताजा कलम: जावई मध्येच काही बोलले, तर ते छापू नये."

पत्रकार पोट धरून हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

सूर्य मावळायला आता वीस मिनिटं उरलीत. मी मालेगावच्या एसटीत बसलोय आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही. एवढ्यात त्रिशलाचा फोन आला.

"अवो, कुठं हाय तुमी? आई घड्याळ पाहून राह्यली!"