दोन मणक्यांचा जबलपूरिया

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीतल्या जाधवकाकू नवीन माणूस भेटला की आधी त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहतात. आयुष्यभर हॉस्पिटलात एक्स-रे काढले ना! "चेहऱ्याचं काय, पावडर लावली की झालं. मणका खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

रिटायर झाल्यावर त्या एका डायनासोरच्या प्रेमात पडल्या. त्याचं नाव जबलपूरिया. लहानसा, मांसाहारी, जबलपूरला सापडलेला. सापडला म्हणजे काय, पाठीचे दोन मणके. तेही तुटके. "पण रुबाब बघा! तेवढ्यावर जगात नाव झालं," काकू अभिमानाने सांगतात, जणू भाचाच त्यांचा.

मग सोसायटीच्या फॅन्सी ड्रेसमध्ये त्यांनी जबलपूरिया व्हायचं ठरवलं. कापडासाठी मला उल्हासनगरला ओढून नेलं. दुकानदार शेठ एकदम खूश. "आंटी, डायनासोर का पूरा सेट देता हूँ. दाँत, पंजे, ऊपर से पूँछ फ्री!"

"पूँछ अभी मिली नहीं."

"गोदाम से मँगवाता हूँ ना!"

"अरे भाऊ, जमीन से नहीं मिली!"

शेठने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

कार्यक्रमात काकू आल्या त्या काळ्या गाऊनमध्ये, थर्माकोलचे दोन मणके चिकटवून, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. सेक्रेटरींनी माइकवर विचारलं, "काकू, बाकीचा डायनासोर कुठंय?"

"सापडला की कळवते!"

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. बक्षीस मात्र गाजर झालेल्या चिमुरडीला गेलं. "गाजर पूर्ण होतं," काकूंनी मोठ्या मनाने मान्य केलं.

परवा मी ऑफिसातून लवकर घरी आलो, तर काकू माझ्या आईशेजारी बसलेल्या. आईला हल्ली फारसं काही आठवत नाही. तिला सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, काकू रोज दुपारी येतात.

"तुझा तो डायनासोर काय खायचा गं, मंदे?" आई विचारत होती. मंदा म्हणजे आईची धाकटी बहीण. ती जाऊनही खूप वर्षं झाली.

"बारीकसारीक प्राणी खात असेल, ताई," काकू म्हणाल्या.

थोड्या वेळाने आईने पुन्हा तेच विचारलं. काकूंनी पुन्हा तितक्याच हौसेने सांगितलं.

दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी ओशाळून म्हणालो, "काकू, तुमचं नाव तिच्या लक्षात राहत नाही हो."

"नाही तर नाही," काकू चपला शोधत म्हणाल्या. "मी तरी आता ताई म्हणून दुसऱ्या कुणाला हाक मारू?"