प्रल्हादकाकांचे अमेरिकन बुवा

“याचं पोट दुखून राह्यलं काय हो?”

हा प्रश्न धामणगाव बढ्याहून पंपाची जळकी मोटर घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याचा होता. मी आमचा बंद पडलेला मिक्सर पोटाशी धरून त्याच्या मागे उभी होते. फळीवरच्या स्पीकरमधून एक माणूस इंग्रजीत कण्हत होता आणि त्याच्या कण्हण्याला एक गिटार हुंकार देत होती.

“पोट नाही दुखत. गाऊन राह्यले थे,” हातातल्या तांब्याच्या तारेवरून नजर न काढता प्रल्हादकाका म्हणाले. “तुमची मोटर जळाली तं तुम्ही आत्ता याच सुरात आले.”

शेतकऱ्याने क्षणभर कान देऊन ऐकलं. “मंग बरोबर हाय,” तो म्हणाला. “यायचीबी जळालीच असंन.”

मलकापुरात आमच्या घरापासून तिसरं दुकान प्रल्हादकाकांचं. ते मोटर रिवाइंडिंग करतात, म्हणजे जळालेल्या मोटरची तार उपसून नवी गुंडाळतात. मागच्या खोलीत राहणं, पुढच्या खोलीत काम. सत्तरीच्या आसपास वय, कानावर पेन्सिल आणि कुठल्याही गोष्टीवर एकच शेरा : “व्होल्टेज पाहून बोला.” कुणी भांडायला आलं की त्याचं व्होल्टेज वाढलेलं, कुणी उधारी मागताना अडखळला की डाऊन. माझ्याविषयी त्यांनी पहिल्याच भेटीत निदान केलं होतं : “या पोरीचा फ्यूज चांगला हाय. लायनीतच करंट नाही.”

तर हे बुवा. बुवा म्हणजे अमेरिकेतला कुणी जुना, आंधळा, गिटार वाजवणारा गायक. त्या गाण्याला ब्लूज म्हणतात. तबकड्या लाखेच्या आणि ठिसूळ असायच्या त्या काळात त्याने थोडी गाणी गायली आणि तो गेला. कित्येक वर्षांनी कुणी त्या घासलेल्या तबकड्या शोधून त्यांवरून नवी रेकॉर्ड काढली. त्यातली एक, कशी कोण जाणे, मलकापूरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या बंगल्यात आली आणि बंगल्याचं भंगार निघालं तेव्हा एका फुटक्या पंख्यासोबत प्रल्हादकाकांच्या हाती लागली. पंखा दुरुस्त झाला नाही. रेकॉर्ड मात्र वाजली.

काकांना इंग्रजीतलं अक्षर कळत नाही. पण एका गाण्यावर जीव जडला तो कायमचा. त्या एका गाण्याच्या त्यांच्याकडे पाच प्रती आहेत : मूळ भंगारातली रेकॉर्ड, मुंबईहून मागवलेली कॅसेट, पुतण्याने आणलेली सीडी, फोनमधलं गाणं आणि काकांनी स्वतः घरी भरलेली एक कॅसेट. पाचही प्रतींत बुवा वेगळे गातात, असं त्यांचं म्हणणं.

“गाणं तर तेच आहे ना काका?” मी एकदा धीर करून विचारलं.

“गंगेचं पानी हरिद्वारले एक अन् पटन्याले एक असते काय?”

सीडीवर त्यांचा विशेष राग. तिच्यात कुणीतरी यंत्राने सगळी खरखर पुसून टाकली होती. “भांडं इतकं घासलं, का कल्हई गेली,” ते म्हणायचे. “बुवा धूळ खात खात गायले. तुम्ही धूळ झाडली तं बुवाबी झाडल्या गेले.” फोनमधलं गाणं तर त्यांच्या हिशेबी माणसाचं नव्हतंच.

भंगारातली रेकॉर्ड सगळ्यात प्रामाणिक, कारण तिच्यावर हवामानाचा परिणाम व्हायचा. रब्बीत आजूबाजूच्या गावांत पंप सुरू झाले की मलकापुरात दिवे मंद व्हायचे, काकांची जुनी तबकडी सावकाश फिरायची आणि बुवांचा आवाज जड होऊन जमिनीला टेकायचा. पावसाळ्यात पंप बंद, व्होल्टेज पुरं, बुवा तरतरीत. काकांना रब्बीतले बुवा जास्त आवडायचे. तोच त्यांचा खरा आवाज, अशी त्यांची खात्री. अमेरिकेतल्या लोकांनी तो कधी ऐकलाच नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं.

मी त्या वर्षी शिक्षण संपवून घरी आले होते. घरात वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी. दोन्हींच्या मधोमध मी गप्प बसायला शिकले होते. मिक्सर परत न्यायला गेले, तर काकांनी मला स्टुलावर बसवलं.

“तू इंग्लिश मीडियमची ना वं?”

मी मान हलवली.

“बुवा काय म्हनून राह्यले थे लिहून दे. तीन कडवे हायेत.”

त्या रात्री घरी मी कानात इअरफोन घालून ते गाणं तीस-चाळीस वेळा ऐकलं. ‘मॉर्निंग’ कळलं. ‘ट्रेन’ कळलं. बाकी सगळा बुवांचा नुसता श्वास आणि घसा. इंटरनेटवर शोधलं, तर तिथे जाणकारच भांडत होते : एकाच ओळीची तीन माणसांनी तीन निराळी इंग्रजी वाक्यं लिहिली होती. ‘मला कळत नाही’ एवढंच सांगायचं होतं. पण तेवढंच मला जन्मात कधी सांगता आलं नव्हतं. बारा वर्षांची इंग्लिश मीडियमची फी माझ्या मानगुटीवर बसलेली. मी वहीचा कागद घेतला आणि लिहून टाकलं : सकाळी उठलो, बाई घरात नव्हती. स्टेशनवर धावलो, गाडी सुटली होती. आता मी रुळांकडे पाहत बसलो आहे.

काकांनी तो कागद रेकॉर्डच्या कव्हरला खळीने चिकटवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवला. आठवड्याभरात बुवांच्या संसारात अख्खं दुकान शिरलं.

“बाई गेली काऊन पन?” एकाने विचारलं.

“माहेरी गेली असंन. येईन ना दोन दिसांनी.”

“ना बा. दोन दिसांसाठी मानूस इतका रडते काय?”

अमडापूरचे एक म्हातारे मोटर सोडून बुवांवरच उखडले. “चूक या बुवाचीच हाय. मानूस दिवसभर गान्यातच बसला तं बाई थांबीन काय घरात?”

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी रेकॉर्डवरची सुई उचलून ठेवली.

मला रोज वाटायचं, आज सांगू. पण रोज नवा माणूस तो कागद वाचताना दिसायचा आणि मी समोरच्या बाजूने निघून जायचे.

मग काकांना नीट ऐकू येत नाहीसं झालं. चाळीस वर्षं मोटरींच्या घरघरीत बसलेले कान; उजवा आधीच गेला होता, आता डावाही उतरू लागला. डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं. पण गेलेलं परत येणार नाही, हेही सांगितलं. काका रेकॉर्ड लावून स्पीकरवर गाल टेकवून बसलेले दिसायचे. मला ते बघवेना. या माणसाच्या कानात शेवटी राहणार काय, तर मी रचलेली थाप?

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

“काका, ते गाणं मला कळलं नव्हतं. मी मनाने लिहिलं.”

“मोठ्यानं बोल.”

मी पुन्हा सांगितलं.

काकांनी पेन्सिल कानावरून काढली, पाहिली, परत ठेवली. “मालूम हाय मले. पुतन्या सांगे, नेटवर जानकार लोकबी भांडून राह्यले, अन् बुवाचा शब्द एका रातीत तुलेच बरा सापडला!” आणि खो खो हसले. “पन तू येऊन सांगितलं. हे बेस केलं.”

मग ते उठले, मागच्या खोलीतून घरी भरलेली ती कॅसेट घेऊन आले. ही प्रत ते गिऱ्हाइकांसमोर कधीच लावत नसत.

ती त्यांनी लग्नानंतर काही वर्षांनी भरली होती. तेव्हा तारा-बिरा जोडायला नव्हत्या. रेकॉर्ड लावली आणि स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून दिला. त्यामुळे बुवांबरोबर सगळं घरच भरलं गेलं : कुकरची शिट्टी, मालगाडीचा भोंगा, भांडी. गाणं संपल्यावर काकू स्वयंपाकघरातून काहीतरी बोलल्या होत्या. काकू जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांचा आवाज असलेली घरातली ही एकच वस्तू.

“काय बोलली थे मी त्या दिवशी ऐकलंच नाही,” काका म्हणाले. “माह्यं ध्यान बुवाकडं. ती गेल्यावर कॅसेट काढली, तं उजवा कान गेलेला, अन् डाव्याले लांबचं बोलनं उमजे ना. नुसती खसखस. कान होते तवा ध्यान नव्हतं, आता ध्यान हाय तं कान नाही.”

“कुणाला विचारलं नाही?”

“गिऱ्हाइकाले सांगितलं तं गावभर होते. तू बोलत नाही, म्हून तुले सांगून राह्यलो.”

न बोलण्याबद्दल मी शाळेत, घरात, पाहुण्यांसमोर ऐकून घेतलेलं आहे. माझ्या त्याच खोडीवर विश्वास टाकून कुणी आपली सर्वांत जपलेली वस्तू माझ्यापुढे ठेवली, ती पहिली वेळ. त्याबद्दल मी काकांची आजन्म ऋणी आहे.

मी स्पीकरला कान लावला. बुवा गायले, गिटारची शेवटची तार विझली. मग बांगड्या वाजल्या. मग लांबून एक बाई बोलली. मी कॅसेट मागे घेऊन तीनदा ऐकलं. बुवांचे दोनच शब्द मला कळले होते. या बाईचा एकही सुटला नाही. ती आमच्याच घरातली वऱ्हाडी बोलत होती.

काका माझ्या ओठांकडे बघत होते. त्या पिढीतल्या बाया नवऱ्याला वाढून मग जेवायच्या. माझी आजीही तशीच. त्यामुळे काकूंनी काय मागितलं होतं ते मला लगेच समजलं, आणि त्या दिवशी ते त्यांना मिळालं नव्हतं, हेही. ‘ऐकू येत नाही’ म्हणणं सोपं होतं. तेवढी थाप पचलीही असती. समोरून दोन माणसं मोटर घेऊन येत होती. मी काकांच्या डाव्या कानाशी वाकले आणि पुस्तकी मराठी बाजूला ठेवून, काकूंच्याच शब्दांत, रस्त्यापलीकडे जाईल एवढ्या मोठ्या आवाजात बोलले,

“झालं का तुमच्या बुवाचं? झालं असंन तं या आता. मी थांबली हाय. आज सोबतच जेवू म्हनते मी!”