फरशीला टाकी

पाट्याला टाकी लावतात, जात्याला लावतात. राहत्या घराच्या फरशीला टाकी लावून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सेलूत माझ्या शेजारीच राहायचा. नागनाथअप्पा. गल्लीला हेवा वाटावा अशी गुळगुळीत शहाबादी फरशी, आणि अप्पांनी "टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ" ओरडत चाललेल्या बाईला आत बोलावून ती ठोकून ठोकून खरबरीत करून घेतली. बाई बिचारी दोनदा विचारत होती, "पर पाटा कुठाय, अप्पा?"

अप्पांचं दोरखंडाचं दुकान. वय पन्नाशीपुढं, पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांना लाल रबरी चेंडूचं वेड लागलं. चेंडू पुढं फेकायचा आणि तो आपण होऊन परत यायला हवा! सारवलेल्या अंगणात, स्टेशनाच्या फलाटावर, जिथं जातील तिथं आधी भुईवरून हात फिरवून बघायचे आणि मान हलवायचे, "धर न्हाई."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून आयताच सापडलो.

"सर, पुढं फेकायचं, पर बोटानं मागं फिरवायचं. धर लागला की चेंडू परत यायलाय."

"कशाचा धर?"

"भुईचा वो! भुईनं त्येला धराय पाहिजे ना."

मी घसा साफ करून म्हणालो, "अप्पा, त्याला घर्षण म्हणतात. घर्षण गतीला विरोध करतं."

"म्हंजी आडवतंय?"

"हो."

"मंग परत कोन धाडतंय? आडवनाराच धाडतंय व्हय?"

मी खडूनं त्यांच्या पायरीवर बाण काढले. एक पुढं जाणारा, एक गोल फिरणारा, एक मागं येणारा. चौथा कुठं काढावा ते मलाच कळेना. अप्पांनी ते बाण बराच वेळ निरखले आणि म्हणाले, "तुमच्या बाणालाबी धर न्हाई, सर."

हा अपमान मला झोंबला. त्यात फरशीचं प्रकरण झालं. चेंडू फिरवता फिरवता अप्पांचं डोकं फिरलं, असं मी शाळेत मास्तरमंडळींना रंगवून सांगितलं. सगळे पोट धरून हसले.

त्याच आठवड्यात एका दुपारी विहिरीसाठी दोर हवा होता. दुकान बंद, म्हणून घरी गेलो. अप्पा दाराबाहेर पायरीवर, भिंतीला कान लावून बसलेले.

"बरं झालं आलात," ते हळूच म्हणाले. "आत जा आन् बघून सांगा."

"काय बघू?"

आत अप्पांची बायको, म्हणजे काकू, असायच्या. त्यांना वर्षापूर्वी लकवा झाला होता, हे मला ठाऊक होतं. तेवढंच ठाऊक होतं. "उजव्या हाताला धर न्हाई राहिला," अप्पा म्हणाले. "डाक्टर म्हनले, चेंडू फेकत जा. पर फेकला का कोपऱ्यात जायचा. म्या दुकानात. मंग ती त्येच्याकडं बघत बसायची, म्या येस्तोवर. शेजारनीला हाक मार म्हनलं, तर म्हनती, मी काय लेकरू हाय का?"

"मग तुम्ही इथं बाहेर का?"

"माज्यासमोर फेकत न्हाई. चुकला तर मला वाईट वाटतंय म्हनती. सर फरशी बघाय येनार हायेत, आसं सांगून ठिवलंय."

मी आत गेलो. काकू सतरंजीवर भिंतीला टेकून बसलेल्या. वाकडी झालेली बोटं आत ओढत त्यांनी चेंडू टाकला. तो भलतीकडंच जायला लागला. मला शाळेतलं ते हसणं आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. पण टाकीच्या खळग्यांवर टप्पा पडला तसा चेंडू अडला, जागीच गरगरला आणि रमतगमत मागं निघाला. अडवणाराच परत कसा धाडतो, ते मी वर्गात अजूनही गडबडीतच सांगतो. काकूंपासून हातभर अंतरावर तो मंदावला. मी सवयीनं उचलायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या, सर," काकू म्हणाल्या. "यायलाय त्यो."

बाहेरून अप्पांचा आवाज आला, "सर, आला का वो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनीच चेंडूवर बोटं मिटली.

"आला," त्या म्हणाल्या. "या आता आत."