अंजिराबाईसाहेबांचे राज्य तिसऱ्या खेळात आणिले त्याची हकीकत

श्री कुलस्वामिनीस दंडवत, आणि ज्यांनी मागील खेळ पुढील खेळास जोडून दिला त्या अनाम कारागिरांसही दंडवत. शके एकोणीसशे तेहतीस, आमची कन्या चंद्रकला सासरी गेली ते साल. जाताना तिने आपला संगणक व त्यातील राज्याचा खेळ मातोश्रींस दिला, आणि अंजिराबाईसाहेब, म्हणजे आमचे कुटुंब, उतारवयात गादीवर बसल्या. राज्यास नाव नव्हते. खेळ मराठीत रचिला होता, प्रसंगोप्रसंगी काय करावे ते राज्यकर्त्यास पुसत असे, आणि आम्ही अक्षरे शिकलो ती बाईसाहेबांच्या शेजारी बसून, त्या प्रश्नांवरूनच शिकलो. पुढे ऐसे जाहले, की साबाजी नामे शत्रूचा किल्लेदार, ज्याने आमची धान्याची कोठारे जाळिली, तो धरून आणिला, आणि खेळाने पुसिले, गर्दन मारावी की नदीवरील होडीचे काम देऊन सोडावे? आम्ही म्हणालो, "मारा. उद्या हाच गळा कापील." बाईसाहेब बोलिल्या, "कापील तर माझा कापील. तुम्ही चहाचं बघा." आणि साबाजीस होडी दिली. मग काही वर्षांनी खेळाचा दुसरा भाग निघाला, आणि त्याने आरंभीच पुसिले, मागील राज्य आणावे की नवे मांडावे? बाईसाहेबांनी मागील आणिले, आणि पाहतो तो नदीवर साबाजी उभा, केस पिकलेले, खाली बघून होडी हाकतो, शब्द बोलत नाही. आम्ही म्हणालो, "एवढं जीवदान दिलं, रामराम तरी घालावा की नाही मेल्यानं?" त्या बोलिल्या, "ओशाळलाय तो. बोलेल हळूहळू." त्याचे बोलणे ऐकावे ही त्यांची मोठी आस, आणि तिसरा भाग निघण्याआधीच बाईसाहेब निवर्तल्या.

मग घरच्या रिवाजाप्रमाणे तेराव्यास त्यांच्या वापरातील वस्तू दिल्या. छत्री दिली, अंथरूण दिले, आणि त्याच ओघात संगणकही शेजारचे गिरणीवाले भिकोबा यांस देऊन टाकिला. दुसरे वर्षी चंद्रकला नवा संगणक व त्यात खेळाचा तिसरा भाग घालून माहेरी आली, आणि पडद्यावर तोच प्रश्न आला, मागील राज्य आणावे की नवे मांडावे? तेव्हा ध्यानी आले, की राज्य दानात गेले. चंद्रकला म्हणाली, "बाबा, नवंच मांडू या." आम्ही पुसिले, "नव्यात साबाजीचं काय?" ती म्हणाली, "नवं मांडलं, की खेळ धरून चालतो त्याला मारलं म्हणून." मग आम्ही ताट तसेच ठेवून उठलो, आणि मृताच्या नावे दिलेले परत मागू नये हे जाणून गिरणीच्या दारात बराच वेळ उभे राहिलो. भिकोबा पिठाने पांढरे, म्हणाले, "दादा, दळण कुठाय?" आम्ही म्हणालो, "दळण नाही. दिलेलं मागत नाही, पण आत हिचं राज्य राहिलंय." ते म्हणाले, "ते होय. आमच्या मंडळींनी घरात बजावलंय, काकूंचं आहे, हात लावायचा नाही. पोरं आपली पत्तेच खेळतात. न्या की." मग चंद्रकलेने नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये सारे राज्य भरून घेतले, आणि आम्ही ते कनवटीस लावून घरी आणिले.

राज्य उघडिले, तो शत्रूचा वेढा पडलेला, आणि दरबारचे लोक आम्हांसच अंजिराबाईसाहेब म्हणू लागले; आम्ही हरकत घेतली नाही. नदीवर गेलो, तो साबाजी होडी घेऊन उभा, आणि प्रथमच वर बघून बोलिला, "बाईसाहेब, बसा. ही गर्दन त्या दिवसापासून आपली आहे." चंद्रकलेने तोंड फिरविले. खेळाने पुसिले, उत्तर काय द्यावे? आम्ही रामराम निवडिला.

तात्पर्य, राज्य सुखरूप आहे, साबाजी होडीवर आहे, आणि कारागिरांचे व भिकोबांच्या घरचे उपकार आमच्याने फिटणे नाही. एक वर्तमान मात्र त्या राज्यात अद्याप कोणास कळविलेले नाही, ते येथे लिहितो. अंजिराबाईसाहेब शके एकोणीसशे चाळीस, फाल्गुन वद्य तृतीयेस, सकाळी वारल्या.